कॉर्ग एम-वन स्टेजवर अजून किती टिकेल? खारी हवा, जनरेटर आणि पावसाळा

काळी_दोन (कुडाळ)

मंडळी, प्रश्न कॉर्ग एम-वनचा आहे, १९८८ साली आलेलं सिंथेसायझर कीबोर्डचं मॉडेल. ऑर्केस्ट्रा, लग्नाची रिसेप्शनं, गणपती, जत्रा, सगळीकडे हाच वाजतो. 'पियानो १६', 'ऑर्गन २' आणि 'युनिव्हर्स' हे आवाज निम्म्या गाण्यांत मुरलेले आहेत, तेव्हा "विकून टाका, नवीन घ्या" हा सल्ला कृपया सगळ्यात शेवटी द्या.

आजची अवस्था अशी. चालू करताना अधूनमधून आतली बॅटरी कमी असल्याचा मेसेज येतो. मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी ठणकन पूर्ण जोरात वाजतात, आणि वरच्या सप्तकातली एक दोनदा दाबली तर एकदा वाजते. डिस्प्लेचा मागचा उजेड जवळजवळ गेलाय. उजव्या आउटपुटची वायर हलली की खरखर. आणि जनरेटरवर असताना मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. हा प्रकार घरच्या लाईटवर क्वचित, मांडवात जास्त.

गणपतीच्या आधी यातलं काय, कुठल्या क्रमाने करावं? आपल्या हवेत हे यंत्र ठेवायचं कसं? सोल्डरिंगचा हात बरा आहे, मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही.

सोल्डर_आणि_सूर (रत्नागिरी)

तुम्ही सांगितलेल्या पाचही तक्रारी या मॉडेलच्या वयाच्या आहेत, जीवघेणी एकही नाही. क्रम मात्र चुकवू नका.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी आतला डेटा बाहेर काढा. एम-वनमध्ये मूळ ध्वनीलहरी ४ एमबी रॉममध्ये आहेत, त्यांना काही होत नाही. पण त्या लहरींपासून तुमचा पियानो कसा बनवायचा हे सांगणारे १०० प्रोग्रॅम आणि १०० कॉम्बिनेशन (अनेक प्रोग्रॅम एकत्र वाजवणाऱ्या मांडण्या) बॅटरीच्या जिवावर रॅममध्ये बसलेले असतात. हल्लीच्या कीबोर्डसारखं "फॅक्टरी रीसेट" मारून ते परत येत नाहीत. बॅटरी संपली की पडद्यावर कचरा अक्षरं दिसतात, आवाज भलतेच येतात, आणि लोक समजतात बोर्ड गेला. बोर्ड ठणठणीत असतो, फक्त स्मृती पुसलेली असते.

एम-वनचं मिडी आउट (मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती जोडणी) कॉम्प्युटरला लावलेल्या मिडी इंटरफेसच्या इनमध्ये लावा. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर सिसेक्स लायब्ररियन, दोन्ही फुकट आहेत. ग्लोबल मोडमध्ये (सगळ्या यंत्राच्या सेटिंगचं पान) जाऊन डेटा डंप करा, म्हणजे बाहेर पाठवा: प्रोग्रॅम, कॉम्बिनेशन, ग्लोबल (ड्रमकिट यातच असतात) आणि सिक्वेन्स, प्रत्येकाची वेगळी फाईल. प्रत्येक डंप दोनदा घ्या आणि फाईलचा आकार बाइटनिशी जुळतो का पाहा. जुळत नसेल तर दोष बहुतेक इंटरफेसचा. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त यूएसबी-मिडी वायरी नोटा बरोबर पाठवतात, पण लांब सिसेक्स (यंत्राचा आतला डेटा नेणारा मिडी संदेश) आला की त्यांचा बफर भरतो आणि मधले बाइट गळतात. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, म्हणजे जेमतेम ३ केबी. त्यामुळे डंपला काही सेकंद लागणारच. ज्या डंपला वेळच लागला नाही तो संशयास्पद धरा.

परत भरताना तीन गोष्टी अडवतात: ग्लोबलमधलं मेमरी प्रोटेक्ट चालू राहिलेलं असतं, मिडी फिल्टरमध्ये एक्सक्लुझिव्ह (म्हणजे सिसेक्स) बंद असतं, किंवा ग्लोबल चॅनेल बदललेला असतो. चौथी बारीक भानगड मेमरीच्या मांडणीची. एम-वनमध्ये १०० प्रोग्रॅम आणि १०० कॉम्बि ठेवून सिक्वेन्सरला ४,४०० नोटा देता येतात, किंवा ५०-५० वर येऊन ७,७००. बॅकअपच्या वेळी जी मांडणी होती तीच भरतानाही हवी. ती कागदावर लिहून फाईलसोबत ठेवा.

आता बॅटरी. सीआर २०३२ आहे, पण पाय वेल्ड केलेली, थेट बोर्डावर सोल्डर. मुख्य वायर काढून, यंत्र बंद असताना तिच्यावर व्होल्टेज मोजा. नवीन ३ व्होल्टच्या थोडं वर दाखवते. २.८ च्या खाली आली असेल तर पुढच्या कार्यक्रमाआधी बदला. जुनी काढताना सेलला थेट सोल्डरिंग आयर्न लावू नका, तापून फुटू शकतो. पायाची पत्री कापा, मग बोर्डावरचा उरलेला तुकडा वेगळा काढा. तिथे सीआर २०३२ चा होल्डर बसवा. छिद्रं जुळत नसतील तर दोन छोट्या वायरी ओढून होल्डर फोमच्या दुहेरी टेपने मोकळ्या जागेत चिकटवा. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं असतं, तरी काढण्याआधी फोटो घ्या. एलआयआर २०३२ नावाचा चार्ज होणारा सेल तसाच दिसतो, पण तो ३.६ व्होल्टचा आणि पूर्ण भरला की ४.२ पर्यंत जातो. दुकानदाराने "तोच आहे" म्हटलं तरी घेऊ नका. सेलच्या कडांना उघडी बोटं लावायची नाहीत, घामाचा थर राहिला की आपल्या हवेत तो हळूहळू सेल रिकामा करत राहतो.

चालू सप्लाय देऊन डेटा न जाऊ देता बॅटरी बदलायची युक्ती नेटवर सापडेल. बॅकअप असताना ती कसरत कशाला?

पट्ट्यांकडे येतो, कारण इथेच बहुतेक जण नुकसान करून बसतात. प्रत्येक पट्टीखाली रबराचा घुमट आणि त्यात कार्बनच्या दोन टिकल्या. पट्टी दाबली की आधी एक टिकली टेकते, मग दुसरी. दोन टेकण्यांमधला वेळ मोजून यंत्र ठरवतं तुम्ही किती जोरात वाजवलं. पहिल्या टिकलीवर घाण बसली की ती उशिरा जोडते, दोन्ही जवळजवळ एकदम टेकल्यासारखं होतं, वेळ शून्याच्या जवळ, म्हणजे यंत्राच्या हिशेबाने तुम्ही मूठ मारली. तुमच्या तीन ठणठणीत पट्ट्यांचं कारण हे. दुसरी टिकली जोडत नसेल तर नोटच येत नाही. वरच्या सप्तकातली पट्टी त्या जातीची.

उघडण्याआधी निदान करा. सलग पट्ट्या बिघडल्या असतील तर घाण किंवा रबर. ठराविक अंतराने, म्हणजे आठवी-आठवी पट्टी मेली असेल तर मॅट्रिक्सची, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या वायरींच्या जाळ्याची, एखादी ओळ तुटली आहे: चपटी केबल, कनेक्टर नाहीतर डायोड. त्यात रबर पुसून काही होणार नाही.

सफाई करताना कीबेड (पट्ट्यांचा सगळा सांगाडा) बाहेर काढा, चपट्या केबलचे कनेक्टर सरळ वर ओढा, वायरीला धरून नाही. कॉन्टॅक्ट बोर्ड सोडवा. रबर पट्टीच्या मागच्या बाजूने तिच्या नाळा (बारीक रबरी शेपट्या) बोर्डात ओवलेल्या असतात, त्या हळूच उलट्या बाजूने ढकला, वरून खेचलं तर तुटतात. बोर्डावरचे काळे कार्बन पट्टे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने, एकाच दिशेने एकदा पुसा. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी आहे. रबरावरच्या टिकल्या कोरड्या मऊ कापडाने. खोडरबर, पॉलिशपेपर, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही नाही. कार्बन एकदा खरवडला की परत येत नाही, आणि तेलकट थर आपल्याकडे धूळ आणि मीठ दोन्ही धरून ठेवतो.

पंधरा मिनिटं वाळू द्या. परत बसवताना नाळा बोथट काडीने ढकला, सुईने नाही, आणि हवा जायच्या बारीक वाटा बंद होऊ देऊ नका. त्या दबल्या की पट्ट्या जड लागतात आणि माणूस उगीच स्प्रिंगला दोष देतो.

सफाईनंतरही तीच पट्टी ठणकत असेल तर कडेची रबर पट्टी मध्ये आणि मधली कडेला, अशी अदलाबदल करून पाहा. दोष रबराबरोबर सरकला तर रबर झिजलं, जागेवर राहिला तर बोर्ड.

फेझ_न्यूट्रल (चिपळूण)

वरचं सगळं मान्य. मी फक्त जनरेटरबद्दल लिहितो, कारण बाकी चार तक्रारींनी कार्यक्रम बिघडेल, या एकाने यंत्र जाईल.

मधेच रीस्टार्ट होणं म्हणजे ५ व्होल्टची लाईन क्षणभर खाली बसणं. डिजिटल भागाला साधारण ४.७५ ते ५.२५ लागतात. झाकण उघडून, चालू स्थितीत, सगळे आवाज वाजवत असताना ती लाईन मोजा. इथे एक हात खिशात ठेवून काम करायचं. मेनचा भाग उघडा असतो आणि कोकणातल्या दमट दिवसांत अनवाणी उभं राहून तर अजिबात नाही. मग मल्टिमीटर एसी रेंजवर घेऊन त्याच लाईनवर लहर पाहा. काही दहा मिलिव्होल्टच्या वर दिसली तर सप्लाय बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर थकले. तीस-पस्तीस वर्षांच्या यंत्रात हे व्हायलाच हवं. बदलताना मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात मांडवाच्या पत्र्याखाली स्टेजवर काय तापमान असतं ते सांगायला नको. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चांगल्या कंपनीचे मिळतात. नुसते फुगलेले दिसतात तेवढेच बदलू नका. आतून वाळलेला कॅपॅसिटर बाहेरून ताठ दिसतो.

पण आधी फुकटातलं तपासा. मागून मेन वायर जिथे आत शिरते तो जोड, स्विच आणि फ्यूजचा क्लिप. खाऱ्या हवेने फ्यूजच्या क्लिपवर काळपट थर येतो, तिथे अवरोध वाढतो, व्होल्टेज तिथेच पडतं. फ्यूज काढून टोकं आणि क्लिप स्वच्छ करा. फ्यूज किती अँपिअरचा ते मागच्या प्लेटवर किंवा बोर्डावर लिहिलेलं असतं, तेवढ्याचाच घाला.

शिवाय मागच्या प्लेटवर व्होल्टेज वाचा. वापरलेली यंत्रं जपानमधून आली असतील तर १०० व्होल्टची असतात आणि कुणीतरी खाली ट्रान्सफॉर्मर लावून दिलेला असतो. तो सैल पडला किंवा लहान असला तरी हीच तक्रार येते.

मांडवातली खरी भीती म्हणजे न्यूट्रल सुटणं. थ्री फेज जोडणीत, किंवा थ्री फेज जनरेटरवर, एका फेजवर हॅलोजन, दुसऱ्यावर अँप, तिसऱ्यावर तुमचा कीबोर्ड आणि दोन पंखे. अशा वेळी न्यूट्रलचा जोड ढिला झाला की हलका भार असलेल्या फेजवर २३० च्या जागी ४०० कडे जाणारं व्होल्टेज चढतं. रिलेवाला साधा स्टॅबिलायझर यापुढे उशिरा जागा होतो. म्हणून ओव्हर-व्होल्टेज कटऑफ रिले घ्या, जो २६०-२७० च्या वर गेलं की तोडतो आणि व्होल्टेज स्थिरावल्यावर काही वेळाने जोडतो. सोबत स्वतःच्या एक्स्टेन्शन बोर्डात २७५ व्होल्ट एसीचा एमओव्ही फेज-न्यूट्रलमध्ये, आणि त्याच्या आधी फ्यूज. एमओव्ही क्षणिक झटके पितो. सततचं जादा व्होल्टेज आलं तर तो स्वतः जळून शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. फ्यूज नसेल तर आग लागते.

पैसे असतील तर ऑनलाईन यूपीएस (सतत स्वतःच वीज बनवून देणारा). रीस्टार्ट, झटके, जनरेटरचा हेलकावा, सगळ्यावर एकच उपाय. नुसत्या कीबोर्ड आणि मॉड्यूलसाठी लहानात लहान पुरतो. कॉम्प्युटरचा स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी लहर देतो, ती जुन्या ट्रान्सफॉर्मरला गुरगुरवते. चालतं, पण वाईट ऐकू येतं.

क्रम: जनरेटर स्थिरावू द्या, लाईट लागू द्या, अँप अजून बंद, मग कीबोर्ड, शेवटी अँप. उतरताना उलटं. "जनरेटर बदलतोय, दोन मिनिटं" अशी हाक आली की ती दोन मिनिटं कीबोर्ड बंद. चालू ठेवून वाट पाहायची नाही.

मांडवातला_साऊंडवाला (कणकवली)

उजव्या आउटपुटचं सोपं आहे. जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला असतो, वायरीचं वजन आणि हिसके थेट सोल्डरच्या डागांवर येतात. बाहेरून जॅकवर कितीही स्प्रे मारा, डागाला गोल तडा गेलेला असेल तर दोन दिवस बरं आणि मग तेच. बोर्ड काढा, जुनं सोल्डर ओढून नवीन डाग मारा, चारही आउटपुटचे एकदमच. व्हॉल्यूमच्या स्लायडरला मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा वर-खाली.

पुढे काळजी अशी की वायर जॅकमधून निघून थेट खाली लटकत सोडायची नाही. स्टँडच्या पायाला एक वेढा, मग खाली. आउटपुट अनबॅलन्स्ड आहेत (लांब वायरीत हम पकडणारे), म्हणून पाच-सहा मीटरपेक्षा लांब ओढू नका. स्टेजवरच पॅसिव्ह डीआय बॉक्स (सिग्नल लांब नेण्याजोगा करणारी डबी) लावा आणि तिथून एक्सएलआर वायर. हम आला तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट दाबा. काही मंडळी प्लगची अर्थची पिन काढून हम घालवतात. पावसात ओल्या स्टेजवर हे करणाऱ्याला हात जोडून सांगा की बाबा, घरी जा.

अजून एक, आणि याबद्दल कुणी बोलत नाही: गुलाल. विसर्जनाला आणि शिमग्याला ट्रकवर वाजवायचं असेल तर एम-वन नेऊ नका. बारीक भुकटी स्लायडर, जॉयस्टिक आणि पट्ट्यांच्या फटीतून आत जाते, घामाने ओली होते आणि चिकटून बसते. जॉयस्टिकच्या पॉटमध्ये गेली की हात न लावता सूर सरकतो. मिरवणुकीला यामाहाचं जुनं पीएसआर पुरे.

काळी_दोन (कुडाळ)

सगळ्यांचे आभार. बॅकअप झाला, दोनदा घेतला, आकार जुळले. बॅटरी २.६ दाखवतेय. ५ व्होल्टच्या लाईनवर सगळे आवाज वाजवताना ४.६८ मिळाले, फ्यूजचा क्लिप स्वच्छ केल्यावर ४.७१. म्हणजे कॅपॅसिटर बदलतो.

राहिले दोन प्रश्न. डिस्प्लेला मागून एलईडी लावता येईल का? आणि पावसाळ्यात चार महिने पेटीत ठेवायचा की वाजवत राहायचं?

सोल्डर_आणि_सूर (रत्नागिरी)

४.७१ म्हणजे कड्याच्या टोकावर. आधी सप्लाय, मग डिस्प्ले. का ते सांगतो.

जुना डिस्प्ले ४० अक्षरी दोन ओळींचा, मागे ईएल पत्रा (वीज दिली की स्वतः उजळणारा). हा पत्रा वर्षानुवर्षं मंद होत जातो, त्याला दुरुस्ती नाही. त्याला चालवणारा छोटा इन्व्हर्टर शंभर व्होल्टच्या आसपास एसी काढतो, कानाला बारीक शीळ येते ती त्याचीच. पर्याय दोन. नवीन ईएल पत्रा कापून घालणं, म्हणजे मूळ रूप राहतं, पण पुन्हा मंद होणार. किंवा एलईडीवाला ४०×२ डिस्प्ले. एलईडी निवडलात तर इन्व्हर्टर पूर्ण तोडून टाका. त्याच्या वायरी एलईडीला जोडल्या की एलईडी तिथल्या तिथे मेलाच. एलईडीला ५ व्होल्टवरून रोधक लावून वीज द्या: पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.१ व्होल्ट पडतात, उरले १.९, २० मिलिअँपिअर हवे तर ९५ ओहम, म्हणून १०० ओहमपासून सुरुवात करा. अंधाऱ्या स्टेजला तेवढा उजेड पुरतो. जुन्या पद्धतीचे पिवळट-हिरवे एलईडी डिस्प्ले मात्र शेकडो मिलिअँपिअर खातात. तुमच्या थकलेल्या ५ व्होल्टवर तसला लावला तर रीस्टार्ट वाढतील आणि तुम्ही पुन्हा जनरेटरला शिव्या घालाल. डेटाशीट पाहूनच घ्या. पिनांचा क्रम जुन्याशी पडताळा आणि मगच सोल्डर करा.

बटणं आत्ताच पाहून ठेवा. एकदा दाबल्यावर दोनदा लागत असतील तर खालचे टॅक्ट स्विच झिजले. एक काढून आकार आणि दांडीची उंची मोजा, मग सगळे एकदम मागवा. उंचीत अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी बटण रुततं किंवा दबूनच राहतं.

खारवारा (वेंगुर्ला)

साठवणीचं मी सांगतो.

मीठ कोरडं असतं तोवर फारसं काही करत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं आणि बोर्डावर वीज वाहणारा पातळ थर तयार होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ ८०-९० च्या आसपास असते. म्हणजे मे महिन्यात बसलेलं मीठ जुलैत काम करतं. कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखं दिसतं ते तांब्याचं गंजणं, बुरशी नाही. म्हणून सफाई पावसाआधी करायची, नंतर नाही. बोर्ड ९९ टक्के अल्कोहोल आणि मऊ ब्रशने, कनेक्टर दोन-तीनदा काढून घालून. त्यानेच पिनांवरचा थर खरवडला जातो.

बंद ठेवणं हे वापरण्यापेक्षा वाईट. आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतली ऊब ओल बाहेर काढते, कॅपॅसिटर जागे राहतात, आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या आणि बटणं एकदा दाबली की टिकल्याही साफ राहतात.

पेटी प्लायवूडची असो की पत्र्याची, आतला स्पंज पाहा. साधा पिवळा पॉलियुरेथेन स्पंज ओलीत काही वर्षांत चिकट होतो आणि त्याचा भुगा पट्ट्यांत जातो. तो काढून ईव्हीए किंवा पॉलिथिलीन फोम लावा. पेटीत अर्धा किलो सिलिका जेल, कापडी पिशव्यांत, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत वापरता येतं. सोबत छोटा हायग्रोमीटर. काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिला की झालं. पेटी नीट बंद होत नसेल तर सिलिका म्हणजे समुद्र उपसणं. आधी झाकणाला रबराची गॅस्केट.

स्टँडवर असताना सुती कापड झाका. प्लॅस्टिकचा कागद फक्त पावसाचा शिंतोडा येत असेल तेव्हा, आणि पाऊस थांबला की लगेच काढा, आत घाम सुटतो. एसी हॉलमधून किंवा एसी गाडीतून बाहेर काढला की पेटी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा. थंड बोर्डावर बाहेरची दमट हवा लागली की दव धरतं, आणि त्या क्षणी चालू केलं तर शॉर्ट. डांबराच्या गोळ्या पेटीत नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं. पाली आणि मुंग्या हवेच्या भोकांतून सप्लायपर्यंत जातात, त्या भोकांना आतून बारीक जाळी लावा, पण भोकं बुजवू नका.

सुटसुटीत (अलिबाग)

एवढा खटाटोप वाचून राहवलं नाही. कॉर्गचंच कॉम्प्युटरवरचं एम-वन प्लगइन आहे, आयपॅडवर २०१५ पासून आयएम-वन ॲप आहे, आवाज तेच. हलका कंट्रोलर कीबोर्ड, आयपॅड, संपलं. साडेतेरा किलोचं धूड उचलायचं कशाला?

मांडवातला_साऊंडवाला (कणकवली)

हॉलमध्ये बरोबर. उघड्या मांडवात आयपॅडला ३५ अंशांच्या वर कंपनीच नको म्हणते. ऊन पडलं की तो तापून पडदा मंद करतो, मग थांबायला सांगतो. आणि सगळं एका बारीक यूएसबी जोडावर लटकतं, गर्दीत कुणाचा पाय लागला की गेलं. एम-वनचा जॅक निदान सव्वा इंच आत जातो.

सोल्डर_आणि_सूर (रत्नागिरी)

भांडण नको, दोन्ही ठेवा. जुनं यंत्र मुख्य, ॲप राखीव. ॲपमधले आपले आठ-दहा आवाज आधीच त्याच क्रमाने लावून ठेवायचे, ऐन वेळी शोधायचे नाहीत. राखीव म्हणून एम-वन-आर हे रॅक रूप मिळालं तर त्याहून उत्तम. तीच यंत्रणा, कीबोर्ड नाही. मिडी वायर लावून कुठल्याही पट्ट्यांवर वाजवा.

बॅकअप कुठलाही असो, एक मर्यादा लक्षात ठेवा. एम-वनमध्ये एकूण १६ आवाज एकावेळी. डबल मोडचा प्रोग्रॅम प्रत्येक पट्टीला दोन खातो, म्हणजे आठच पट्ट्या. चार थरांचं कॉम्बि आणि सस्टेन पेडल धरलं की आधीच्या नोटा गळतात. ते बिघाड नाही. बऱ्याच जणांनी यासाठी बोर्ड दुरुस्तीला दिलेले आहेत.

काळी_दोन (कुडाळ)

कॅपॅसिटर, सेल आणि डाग झाले की इथे आकडे टाकतो. शेवटचं: कधी म्हणायचं की आता स्टेजवर न्यायचा नाही?

फेझ_न्यूट्रल (चिपळूण)

सप्लाय, जॅक, रबर, बटणं, डिस्प्ले, बॅटरी, हे सगळं बाजारात मिळतं किंवा जुळवता येतं, ते कितीही वेळा गेलं तरी कारण नाही. कॉर्गने स्वतःसाठी बनवलेल्या मोठ्या चिप्स गेल्या की विषय वेगळा. त्या दुकानात नाहीत, फक्त दुसऱ्या एम-वनमध्ये आहेत. ओळख अशी की ५ व्होल्ट बरोबर, डेटा नव्याने भरलेला, तरीही ठराविक आवाजांत फुटलेपणा किंवा कर्कश कचरा, थंड असताना बरा आणि तापल्यावर वाढणारा. आधी चिपजवळच्या सगळ्या डागांवर भिंगातून नजर टाका. तिथे काही नसेल तर स्टेजवरून उतरवा.

म्हणून आत्ताच एक मोडका एम-वन शोधून ठेवा. पट्ट्या तुटलेल्या, डिस्प्ले मेलेला, कव्हर फुटलेलं असलं तरी चालेल, पण पाण्यात बुडालेला किंवा जास्त व्होल्टेजने गेलेला नको. पुराच्या पट्ट्यातून येणारी स्वस्त यंत्रं बहुधा बुडालेलीच असतात. घेताना तळाचा पत्रा काढायला लावा आणि स्क्रूच्या भोकांत गाळ आहे का पाहा. आणि मिळाला की आधी त्याचीही बॅटरी काढून टाका.